घरी कोण थांबणार?

मार्च लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोह पडू लागतो. फुलं रात्रीतून आणि पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून घरातली हातपाय धड असलेली सगळी माणसं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. त्याआधी, जानेवारीपासूनच, कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात खम्मम-वारंगलकडे गेलेली असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता येतो, पाऊस पडला की रोवणी, आणि दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी. प्रत्येक हंगामात घरात एकच प्रश्न उभा राहतो. लकवा मारलेल्या आजीजवळ, आठ महिन्यांच्या बाळाजवळ, सांधे ठणकून रडणाऱ्या भावाजवळ घरी कोण थांबणार? मोठ्यांची मजुरी बुडाली तर त्याच रात्री चुलीवर फरक पडतो. शाळा बुडाली तर त्या दिवशी तरी घरातून काही गेलेलं दिसत नाही. म्हणून मागे राहतं ते दहा-बारा-चौदा वर्षांचं पोर, आणि बहुतेक घरांत ती पोरगी असते.

हे प्रकरण त्या मुलांबद्दल आहे. ती तुमच्या वर्गात असतील, तुमच्या शेजारी असतील, आणि हे वाचणाऱ्यांपैकी काही जण स्वतःच ते काम करत असतील. सोयीसाठी आपण त्यांना ‘सांभाळणारी मुलं’ म्हणू.

या दोन जिल्ह्यांत काम न करणारं मूल सापडणं कठीण. पाणी भरणं, सरपण आणणं, शेळ्यांकडे लक्ष ठेवणं हे सगळीच करतात, त्यातून शिकतातही. सांभाळणारं मूल ओळखायची खूण वेगळी आहे. ते मूल एक दिवस घरी नसलं तर कोणाचं जेवण, कोणाची औषधाची गोळी, कोणाचं शौचाला जाणं अडतं का, ते बघा. अडत असेल, तर त्या घरातल्या एका माणसाचं जगणं त्या मुलावर टेकलेलं आहे. मग आणखी तीन गोष्टी पाहायच्या: हे काम रोज किती तास चालतं, किती महिन्यांपासून चाललं आहे, आणि त्याला दुसरा हात आहे का. माझ्या मते तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दोघांत वाटलेलं काम मूल वर्षानुवर्षं निभावतं. एकट्याने केलेलं काही आठवड्यांतच त्याला थकवून टाकतं.

आता लकव्याचंच घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. धानोरा रस्त्यावरचं तिचं शोधग्राम आणि तिथला माँ दंतेश्वरी दवाखाना या भागात सगळ्यांना माहीत आहे. या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. मलेरिया, क्षय, अतिसार यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या ग्रामीण भागात सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताने, म्हणजे लकव्याने, झालेले निघाले. दर सात मृत्यूंमागे जवळपास एक मृत्यू पक्षाघाताचा, आणि त्यातली बहुतेक माणसं घरीच वारलेली. आता या आकड्याच्या दुसऱ्या बाजूचा विचार करा. लकव्याने सगळेच लगेच मरत नाहीत. अर्धं अंग गेलेली माणसं बाजेवर महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं पडून असतात. त्यांना कुशीवर वळवावं लागतं, भरवावं लागतं, पुसून काढावं लागतं. बोललेलं कळत नाही म्हणून ती चिडतात, रडतात. दिवसभर हे सगळं सोसायला घरी कोण असतं, त्याची नोंद कुठल्याच अभ्यासात सापडत नाही.

अशा आजीला सांभाळणाऱ्या नातवाला कोणी शिकवलेलं नसतं की पडल्यापडल्या पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आधी पाठीला टेकू देऊन बसवायचं. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला आणि कमरेला जखमा होतात. उचलताना आपण कमरेतून वाकलो तर आपलीच कंबर धरते, म्हणून गुडघ्यात वाकायचं. या गोष्टी शिकवायला आशाताईला अर्धा तास लागेल. पण ती आजीसाठी घरी येते तेव्हा बोलते मोठ्यांशी, आणि मोठी माणसं तर दिवसभर शेतावर असतात. म्हणून माझं आशाताईंना आणि नर्सबाईंना कळकळीचं सांगणं आहे: त्या घरात दुपारी कोण असतं ते विचारा आणि त्याला शिकवा. लकव्याची सुरुवात कशी होते, हेही त्याच मुलाला माहीत हवं. तोंड एका बाजूला वाकडं होतं, एक हात उचलत नाही, बोलणं जड होतं. हे दिसताच १०८ला फोन करायचा आणि ते किती वाजता सुरू झालं हे लक्षात ठेवायचं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. भामरागडमध्ये पर्लकोटा नदीला पूर आला की बाहेरचा रस्ता बंद होतो. तिथून एवढ्या वेळात दवाखाना गाठणं किती अवघड आहे हे तिथल्या मुलांना कोणी सांगायला नको.

सिकलसेलची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे सांभाळणारा आणि आजारी दोघंही लहान असतात. पूर्व विदर्भात आदिवासी आणि दलित समाजांत हा आजार पुष्कळ आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडं, सांधे, पोट असह्य दुखू लागतं. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, फार दमणं, यांतल्या कशानेही दुखणं उठू शकतं. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे एकाच घरात, एकाच खाटेवर, एक आजारी भाऊ आणि एक धडधाकट बहीण असू शकते. रात्री त्याचे पाय चोळणं, पाणी पाजत राहणं, ताप आला की ‘आता दवाखान्यातच न्यावं लागेल’ हे मोठ्यांच्या आधी ओळखणं, हे ती करते. सिकलसेल असलेल्या मुलाचा ताप अंगावर काढायचा नसतो, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं असतं. हे ज्ञान तिला वयाच्या अकराव्या वर्षी असतं आणि ते तिने भीतीतून मिळवलेलं असतं.

सरकारने सिकलसेलसाठी बरंच केलं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार धरला गेला. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. हे सगळं हवंच होतं. पण या सवलती रुग्णासाठी आहेत. भावाला सुई टोचली जात असताना त्याचा हात धरून उभी राहिलेली बहीण कुठल्याच रकान्यात नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री तीही झोपलेली नसते. आणखी एक गोष्ट तिला बहुधा कोणी सांगत नाही. आईबाप दोघंही वाहक असतील तर तिच्यासारखं निरोगी मूल स्वतः वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. तपासणी तिचीही व्हायला हवी. तिला याने आजार होणार नाही, पण पुढे लग्नाच्या वेळी ही माहिती तिला उपयोगी पडेल.

लहान भावंडांना सांभाळण्याचा प्रश्न सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त घरांतला. त्याच्याकडे कसं पाहावं हे महाराष्ट्रातल्या दोन बायकांनी फार पूर्वी दाखवून दिलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे त्या जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या मुलांसाठी शाळा चालवू लागल्या. मुलं येत नव्हती. मुलं अभ्यासू नाहीत, पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणून त्या थांबू शकल्या असत्या. त्यांनी मुलं काय करत असतात ते पाहिलं. मुलगे गुरांमागे कुरणात होते आणि मुली कडेवर बाळ घेऊन घरी होत्या. मग त्यांनी शाळाच बदलली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली. मोठी बहीण बाळाला घेऊन यायची, बाळ पाळणाघरात, मधलं भावंड बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात. ‘बाळाला घरी ठेवून ये’ असं तिला कोणी म्हणालं नाही.

मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. ताराबाई-अनुताईंनी मुलीचं बाळावरचं प्रेम आडवं येतं असं धरलं नाही, की तिच्या त्यागाचे गोडवेही गायले नाहीत. तिच्या कडेवरचं ओझं काही तास दुसऱ्या कोणी घेतलं तर ती शिकेल, एवढं त्यांनी ओळखलं. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पुढे हेच आलं: भावंडं सांभाळण्यात अडकलेल्या मुलींना शाळेत येता यावं म्हणून पाळणाघरं द्यावीत. धोरणाला आता किती वर्षं झाली ते मोजा, आणि आपल्या गावच्या अंगणवाडीची वेळ रोवणीच्या दिवसांत बाईच्या मजुरीच्या वेळेला पुरते का ते पाहा.

काही घरांतल्या सांभाळण्याबद्दल तर बोलणंच होत नाही. बाप दारू पितो तेव्हा त्याला रस्त्यावरून घरी आणणं, आईला मार बसू नये म्हणून मधे उभं राहणं, लहानांना शेजारी नेऊन झोपवणं, हेही सांभाळणंच आहे. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. दोन्ही ठिकाणी बायकांनी मोर्चे काढून ती मागितली होती, कारण घरात काय होतं ते त्यांना माहीत होतं. त्यांच्या मुलांनाही माहीत होतं. मनाचा आजार असलेल्या आईचंही तसंच. ‘लागीर झालं’ म्हणून गाव लांब राहतं आणि मुलगी एकटीच तिच्या मागे मागे फिरते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यातून वाचलेली पण हात किंवा पाय कायमचा अधू झालेली माणसं आहेत. हल्ल्याची बातमी एक दिवस येते, त्यानंतरची वर्षं घरातली माणसं, त्यातली लहान माणसंही, काढतात.

ही मुलं किती आहेत? भारतात आपण ती मोजलेली नाहीत. जनगणनेत अपंगत्व विचारलं जातं, पण त्या माणसाला कोण सांभाळतं हे विचारलं जात नाही. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या सगळ्यांना दिवसाचा हिशेब विचारला गेला. घरातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या बायका-मुली त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देत होत्या, पुरुष-मुलगे ७६. ब्रिटनने हा प्रश्न बराच आधी हाती घेतला. तिथे १९९५च्या कायद्याने सांभाळणाऱ्या माणसांची दखल घेतली, २०१४मध्ये अशा मुलांच्या गरजांची पाहणी करणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक झालं. २०२१च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये ५ ते १७ वयाची अशी सुमारे १ लाख २० हजार मुलं नोंदली गेली. तिथल्या अभ्यासकांचं सांगणं आहे की खरी संख्या याहून बरीच मोठी असावी, कारण मुलं सांगत नाहीत. घर फुटेल, आपल्याला कुठेतरी नेऊन ठेवतील, लोक आईला नावं ठेवतील, या भीतीने ती गप्प राहतात. गडचिरोलीतली मुलंही मैत्रिणीला हेच म्हणतात: ‘कोणाले सांगू नको.’

आता तुमच्याबद्दल. तुमच्या वर्गातली एखादी मुलगी आठवड्यात दोनदा गैरहजर असते, आली तर पहिल्या तासाला डुलक्या घेते, सहलीला कधीच येत नाही, मधल्या सुट्टीत घरी पळते. विचारलं तर म्हणते, ‘माय बिमार हाय.’ पुढे काही बोलत नाही. अशा वेळी चारचौघांत पुन्हा विचारू नका. एकटी सापडली की विचारा, आणि ‘काय झालं’ याऐवजी ‘आज घरी काय काय करून आलीस’ असं विचारा. कामाबद्दल बोलणं दुःखाबद्दल बोलण्यापेक्षा सोपं असतं. ती सांगू लागली की ऐका. लगेच उपाय सुचवू नका. ‘तू किती शहाणी गं’ असंही म्हणू नका. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण अशा मुलांना सगळं गाव शहाणी म्हणत असतं, आणि एकदा शहाणी ठरल्यावर ‘मला नाही जमत’ म्हणायची तिची वाट बंद होते. तिला चिडायचा, कंटाळायचा, आजीचा राग यायचा हक्क आहे. तो राग आला म्हणून तिचं प्रेम कमी होत नाही, एवढं तिला तुमच्याकडून कळलं तरी पुष्कळ.

त्यानंतर हाताने करायच्या गोष्टी. वही द्या, पण रोजच्या रोज, महिन्याच्या शेवटी गठ्ठा नको. गणिताचा बुडालेला धडा तिच्या ओट्यावर बसून समजावा, कारण ती तुमच्या घरी येऊ शकत नाही. मोठ्यांना विचारून शनिवारी तासभर तिच्या आजीजवळ बसा. तेवढ्यात ती नदीवर जाईल, झोपेल, काय वाटेल ते करेल, त्याचा हिशेब मागू नका. दोन-तीन मित्रमैत्रिणींनी मिळून वार वाटून घेतले तर तुमच्यापैकी कोणावर भार पडत नाही. खेळायला बोलावणं थांबवू नका. ती दहा वेळा नाही म्हणेल. अकराव्यांदा बोलावलं नाही तर आपण आता त्यांच्यातल्या नाही असं ती धरून चालते. मुलग्यांनो, हे तुम्हालाही सांगतो आहे. आजोबांना आंघोळ घालणारा, आईची औषधं सांभाळणारा मुलगा तुमच्यातही असतो, आणि त्याची टर उडवली जाते म्हणून तो मुलींपेक्षाही जास्त गप्प असतो.

‘कोणाले सांगू नको’ हे बहुतेक वेळा पाळा. पण कोणी मारत असेल, कोणी अंगाला हात लावत असेल, घरात खायला नसेल, किंवा तिने जिवाचं काही करून घेण्याची भाषा केली, तर पाळू नका. विश्वासाच्या शिक्षकाला सांगा किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा, तो चोवीस तास मोफत आहे. तिला आधी सांगून करा: ‘मी हे एकटी ठेवू शकत नाही, आपण दोघी जाऊ.’ ती रागावेल. तो राग सोसायची तयारी ठेवा.

शिक्षकांना एक योजना माहीत असते, पण ती सांगायची राहून जाते. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एक पालक वारलेला असेल, किंवा आईबापांपैकी कोणाला कर्करोग, कुष्ठरोग, एचआयव्ही यांसारखा गंभीर आजार असेल, तर १८ वर्षांखालच्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो, मंजुरी बालकल्याण समिती देते. २,२५० रुपयांत आजीजवळ दिवसभर बाई ठेवता येत नाही. पण मोहाच्या किंवा रोवणीच्या हंगामात काही दिवस आईला मजुरी सोडून घरी थांबता येतं, म्हणजे पोरीला तेवढे दिवस शाळेत जाता येतं.

पैशाखेरीज दुसरा हात कुठून येईल, याची उत्तरं याच दोन जिल्ह्यांत आहेत. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी १९५१ साली सहा कुष्ठरुग्णांना घेऊन काम सुरू केलं. घराने टाकलेल्या, बोटं झडलेल्या त्या माणसांनी विहिरी खणल्या, शेती केली, पुढे शाळा आणि महाविद्यालय उभं केलं. तिथे म्हाताऱ्या, थकलेल्या रुग्णाची शुश्रूषा एका लेकरावर पडली नाही. ती वस्तीने घेतली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, पुढे ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. आज गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांकडे बांबू-तेंदूचा पैसा येतो आणि तो कशावर खर्चायचा हे त्याच ठरवतात. तेंदूच्या हंगामात पहाटेपासून चालणारं पाळणाघर, लकव्याच्या रुग्णाजवळ आळीपाळीने बसणाऱ्या दोन बायांची मजुरी, हे विषय ग्रामसभेपुढे मांडता येतील. तुम्ही १८ वर्षांचे नसाल तर मत देता येणार नाही. पण शाळेतर्फे चार मुलांनी जाऊन ‘आमच्या वर्गातल्या अमुक इतक्या मुली या महिन्यात आल्या नाहीत’ एवढा आकडा, नावं न घेता, सांगता येतो. गावाने तो कधी ऐकलेला नसतो.

शेवटी एक वेळ अशी येते जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आजी वारते, किंवा भाऊ बरा होतो, किंवा बाळ चालू लागतं. सगळ्यांना वाटतं पोर सुटली. तिला मात्र दुपारी काय करावं ते कळत नाही. आपण दोन तास आधी उठवलं असतं तर आजी वाचली असती का, असले विचार तिच्या डोक्यात असतात. याच काळात मित्रमैत्रिणी आपापल्या अभ्यासाला लागतात, म्हणून निदान सहा महिने तिच्याकडे जात राहा. आणि तिची शाळा सुटलेली असेल तर तिला हेही सांगा: १४ वर्षांपर्यंत शिक्षण हक्क कायद्याने तिला वयाप्रमाणे असलेल्या वर्गात थेट प्रवेश मिळतो, मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायची जबाबदारी शाळेची असते. वय उलटलं असेल तर दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. तो कोणत्या केंद्रावर भरतात आणि शेवटची तारीख कधी आहे, हे शाळेच्या कार्यालयात जाऊन तुम्ही आधी विचारून ठेवा.